मन सांभाळायला ड्युटीतलाच वेळ हवा

हॉस्पिटलमध्ये स्टाफच्या मानसिक आरोग्यासाठी काही कार्यक्रम ठेवलाय असं कळलं की मी सगळ्यात आधी त्याची वेळ बघते. विषय काय, बोलायला कोण येणारे, ते नंतर. इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर, त्यातली बरीचशी आयसीयूत, आणि आता इनचार्ज म्हणून रोस्टर, म्हणजे कुणाची ड्युटी कधी त्याचा तक्ता, माझ्याच हातात आल्यावर मला एक गोष्ट पक्की कळलीये, की कार्यक्रम नाईट संपल्यावर किंवा ऑफच्या दिवशी ठेवला असेल तर तो स्टाफच्या झोपेतून आणि घरच्या वेळेतून कापून घेतलेला असतो. आणि ज्या माणसाची झोप आपण कापली त्याच्या मनाची काळजी आपण नेमकी कशी घेतोय, हे मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

माझं म्हणणं तसं छोटंच आहे. बीपी घेणं, औषधं देणं, शिफ्ट बदलताना पेशंट सोपवणं म्हणजे हँडओव्हर, हे जसं ड्युटीत धरलेलं असतं तसंच काम करणाऱ्याचं मन सांभाळणं हेही ड्युटीतच धरलं पाहिजे. त्यासाठी वेळ दिला पाहिजे, त्या वेळात त्या माणसाचं काम बघायला दुसरं माणूस दिलं पाहिजे, आणि हे रोस्टरवर लिहिलेलं दिसलं पाहिजे. जे रोस्टरवर नाही ते वॉर्डात होत नाही, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

वॉर्डात मृत्यू झाला की पुढे काय काय होतं हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. सीपीआर चालू असतो, माणसं आळीपाळीने छाती दाबत असतात, मग एका क्षणी डॉक्टर थांबा म्हणतात आणि कुणीतरी घड्याळाकडे बघून वेळ सांगतं, ती लिहून घेतली जाते. मॉनिटर बंद. मग नळ्या काढा, लाईन्स काढा, अंग पुसून घ्या, नातेवाईकांना आत घ्या, त्यांचं रडणं ऐका, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, कागद पूर्ण करा, बॉडी पाठवा, बेड पुसून घ्या, आणि हे सगळं होईपर्यंत कॅज्युअल्टीतून दोनदा फोन येऊन गेलेला असतो की बेड झाला का रिकामा. शेजारच्या पेशंटची अँटिबायोटिकची वेळ टळून गेलेली असते. जिने आत्ता छाती दाबली तिच्या मनगटात अजून कळ असते आणि ती हात धुऊन शेजारच्या बेडशी जाऊन विचारते, काका, दुखतंय का फार? तो आवाज खोटा नसतो हां. त्या काकांसाठी ती खरंच तिथे असते. पण आधीच्या बेडवरचं जे काही तिच्या पोटात राहिलं ते ठेवायला तिला जागा मिळालेली नसते, ते तसंच घरी जातं आणि मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, किंवा घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते, किंवा काहीच वाटेनासं होतं. मला या तिसऱ्याची सगळ्यात जास्त भीती वाटते.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली, तिला ते पॉझ म्हणतात. मृत्यू जाहीर झाला की टीममधल्या कुणीही, अगदी कुणीही, म्हणायचं की जरा थांबूया. जो माणूस गेला तो कुणाचा तरी होता, त्याच्यावर कुणीतरी माया केली आणि त्यानेही केली, हे दोन वाक्यांत बोलायचं, टीमने जिवापाड प्रयत्न केले तेही बोलायचं, आणि मिनिटभर सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. बस. मग आपापल्या कामाला. आमच्याकडे हे सुरू करायचं म्हटल्यावर पहिली शंका हीच आली की एवढा वेळ कुठून आणायचा. पण मृत्यूनंतरचा कागद भरायला कितीतरी मिनिटं लागतात आणि त्याबद्दल कधी कुणी वेळेचा प्रश्न काढत नाही, कारण तो कामाचा भाग आहे असं आपण ठरवून टाकलंय. मग हे एक मिनिटही तसंच ठरवून टाकलं. आता आमच्याकडे बऱ्याचदा सगळ्यात ज्युनियर इंटर्नच म्हणतो, मॅडम, थांबूया का. सीनियर डॉक्टरही ग्लोव्हज काढून थांबतात. एका मिनिटाने दुःख जात नाही, मला तसं म्हणायचंही नाही, पण आपल्याला काहीतरी झालंय हे सगळ्यांसमोर मान्य होतं आणि ते ड्युटीत, त्याच जागी, त्याच माणसांसोबत होतं.

बाकी आपल्याला शिकवलेलं काय असतं, तर मनावर घेऊ नको. ट्रेनिंगला असताना हे वाक्य प्रत्येकीने ऐकलंय, आणि सांगणारीच्या मनातही कळकळच असते, तिनेही तसंच तगून दिवस काढलेले असतात. लंडनच्या एका मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलातल्या नर्सेसचा अभ्यास इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषकाने केला होता, 1960 साली तो छापून आला. तिचं निरीक्षण असं की सगळी कामाची पद्धतच मुळात चिंता दूर ठेवायला रचलेली आहे. पेशंटला नावाने न ओळखता बेड नंबर किंवा अवयवावरून ओळखायचं, 10 नंबरचं लिव्हर, असं. एका नर्सकडे एक पेशंट पूर्ण न देता तीसएक पेशंटांचं एकेक काम वाटून द्यायचं, म्हणजे कुणाशीच जवळीक नको. मुलींना सारखं या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचं. आणि एवढं करून चिंता कमी व्हायची तर नाहीच, उलट कामातलं समाधानही जायचं, शिकायला आलेल्या साधारण एक तृतीयांश मुली ट्रेनिंग अर्धवट सोडून जायच्या. हे वाचताना मला माझेच जुने वॉर्ड दिसत होते. साठ वर्षं उलटून गेली आणि आपण अजून हँडओव्हरला म्हणतोच ना, 7 नंबरची किडनी जरा बघ.

म्हणजे पेशंटपासून लांब जाऊन मन वाचत नाही. जवळ राहायचं आणि त्या जवळिकीचा भार वाटून घ्यायची सोय करायची, हाच मार्ग मला दिसतो. आणि सोय म्हणजे वेळ आणि माणसं, दुसरं काही नाही.

झोपेबद्दल तर मला जरा रागानेच बोलावंसं वाटतं. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि 24 तास जागा असेल तर साधारण 0.10 टक्के असल्यासारखी. बऱ्याच देशांत 0.05 ही गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे ज्या अवस्थेत माणसाला गाडी चालवू देणार नाही त्या अवस्थेत आपण त्याला इन्सुलिनचा डोस काढायला लावतो, आणि चूक झाली की विचारतो लक्ष कुठे होतं. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन नावाची 18 वर्षांची मुलगी हॉस्पिटलात दाखल झाल्यावर काही तासांतच गेली, तिला बघणारे रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारे डॉक्टर, किती तास जागे होते हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला, आणि 1989 मध्ये त्या राज्यात रेसिडेंटना आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली, मग 2003 पासून सगळ्या अमेरिकेत. 80 तास ही मर्यादा! पण निदान कुणीतरी आकडा तरी लिहिला. 2004 मध्ये आयसीयूतल्या इंटर्नवर झालेल्या अभ्यासात 24 तासांहून लांब शिफ्टच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त निघाल्या. आणि लांब शिफ्ट करून घरी गाडीने निघालेल्या इंटर्नच्या अपघाताचा धोका दुपटीहून जास्त असतो, हे दुसऱ्या वर्षी त्याच संशोधकांच्या गटाने दाखवलं.

झोप हा मनाचा विषय आहे हे आपण विसरतो. सलग नाईट्स करून माणूस उदास होतो, त्याला रडू येतं, साध्या गोष्टीवर तो अंगावर धावून येतो, आणि आपण त्याला कौन्सेलिंगला पाठवायचं म्हणतो. आधी दोन रात्री झोपू तर द्या त्याला. मी रोस्टर लावताना नाईटनंतर लगेच मॉर्निंग येणार नाही एवढं तरी बघतेच, मग कुणी कितीही आग्रह केला तरी, आणि नाईटला आळीपाळीने अर्धा तास डोळा लावायची मुभा उघड ठेवते. उघड हा शब्द महत्त्वाचा. चोरून घेतलेली झोप अंगाला लागत नाही, कान दाराकडेच असतात.

माणसं किती हवीत याचं उत्तर तर कधीच येऊन बसलंय. लिंडा एकन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास केला, नर्समागे एक पेशंट वाढला की नर्स बर्नआऊट होण्याची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, शक्यता 23 टक्क्यांनी वाढते आणि सर्जरीच्या पेशंटचा महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी. म्हणजे स्टाफचं मन आणि पेशंटचा जीव एकाच धाग्यात आहेत. कॅलिफोर्नियाने 1999 ला कायदा करून 2004 पासून नर्समागे किती पेशंट हे बांधून दिलं, आयसीयूत दोनच्या वर नाही. यावर आणखी लिहीत नाही, कारण इथे माहिती कमी नाहीये, पैसे खर्च करायची तयारी कमी आहे.

बर्नआऊटबद्दलही एक सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट केलं की त्यांच्या रोगांच्या यादीत बर्नआऊट हा आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या जागेशी जोडलेली ती अवस्था आहे, कामावरचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी. कामाच्या जागेत जे बिघडलंय ते माणसाच्या आत दुरुस्त करायला गेलं तर कसं होणार? श्वासाचे व्यायाम, ध्यान, योगा याला माझा विरोध नाही, मी स्वतः करते आणि मला बरं वाटतं. पण 2017 मध्ये डॉक्टरांच्या बर्नआऊटवरचे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा माणसाला बदलणाऱ्या उपायांपेक्षा कामाची व्यवस्था बदलणाऱ्या उपायांचा परिणाम जास्त दिसला, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसले तिच्याकडे येते.

आमच्यासोबत एक नवीन मुलगी होती, नोकरीला काही महिनेच झालेले. डबल ड्युटीच्या शेवटी पहाटे तिच्या हातून इन्फ्युजन पंपवर, म्हणजे शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्रावर, रेट चुकला, एक शून्य जास्त पडलं. शेजारच्या सिस्टरच्या लक्षात आलं, लगेच बंद केलं, पेशंट पुढे बरा होऊन घरी गेला. पण त्या मुलीचं काय झालं ते मी जवळून बघितलंय. आधी मेमो. मग चौकशी, त्यात तिला एकटीला उभं करून तेच तेच विचारलं. मग कँटीनमध्ये ती आली की टेबलावरचं बोलणं बंद व्हायचं. ती प्रत्येक पंप चार चार वेळा बघायला लागली, घरी जाऊन रात्री वॉर्डला फोन करायची की अमक्याचं ड्रिप नीट चालू आहे ना, जेवण तुटलं, आणि काही दिवसांनी तिने लिहून दिलं की मला पेशंटला हात लावावा लागणार नाही अशी कुठलीही पोस्टिंग द्या. हुशार मुलगी. तिच्या हाताला इतकी समज होती, लहान मुलांच्या शिरा तिला पहिल्या खेपेत सापडायच्या.

तिला सावरलं ते आमच्यातल्या एका खूप सीनियर सिस्टरने. तिने त्या मुलीला लिनन रूममध्ये नेलं, दार लावून घेतलं आणि स्वतःच्या तरुणपणी हातून झालेली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्या पेशंटचा चेहरा अजून आठवतो म्हणाली. सल्ला एकही दिला नाही. ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागली. मात्र हे सगळं सीनियर सिस्टरची शिफ्ट संपल्यावर झालं, तिच्या घरी वाट बघणारी माणसं होती, ती आपलेपणाने थांबली म्हणून झालं. ती त्या दिवशी रजेवर असती तर?

अल्बर्ट वू या डॉक्टरांनी 2000 साली एका लेखात अशा माणसाला चुकीचा दुसरा बळी म्हटलंय. पहिला बळी पेशंट आणि त्याची माणसं, हे कधीच विसरायचं नाही. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या रेसिडेन्सीतली, एका सहकाऱ्याला ईसीजीवरची खूण ओळखता आली नाही, पेशंटला रात्री उशिरा घाईने ऑपरेशनला न्यावं लागलं, आणि बातमी पसरल्यावर सगळ्या सहकाऱ्यांनी मिळून त्याला नालायक ठरवून टाकलं. वू यांना मनातून वाटत होतं की हे माझ्याही हातून झालं असतं, पण सहानुभूतीचा शब्द कुणाच्याच तोंडून निघाला नाही.

मिसुरी विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत सुझन स्कॉट या नर्सने यावर एक व्यवस्था उभी केली. तीन पायऱ्यांची. पहिली पायरी त्याच युनिटमधले सहकारी आणि इनचार्ज, ज्यांना अशा वेळी काय बोलायचं आणि काय नाही याची तोंडओळख करून दिलेली असते. दुसरी, खास ट्रेनिंग घेतलेले सहकारी, जे बोलावलं की येतात. तिसरी, मानसोपचार तज्ज्ञ आणि समुपदेशक. त्यांचा अंदाज असा की साधारण 60 टक्के लोकांना पहिल्याच पायरीवर पुरेसा आधार मिळतो. म्हणजे बहुतेकांना तज्ज्ञ लागत नाही, शेजारी काम करणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाला त्यासाठी मोकळं केलेलं लागतं. आमच्याकडे आता चूक झाली की त्या व्यक्तीला उरलेल्या शिफ्टपुरतं पेशंटच्या कामातून बाजूला घेतो, शिक्षा म्हणून नाही हे तोंडाने स्पष्ट सांगतो, आणि एक जण तिच्यासोबत बसतो. चौकशी करणारा माणूस आणि सोबत बसणारा माणूस वेगळा असलाच पाहिजे यावर मी अडून बसते. ज्याच्या हातात मेमो आहे त्याच्यापुढे कुणाचं मन मोकळं होणारे?

यात एक सावधगिरी. मोठी घटना झाली की सगळ्यांना एका खोलीत बसवून काय घडलं, काय वाटलं ते एकेकाकडून जबरदस्तीने वदवून घ्यायचं, अशी एक पद्धत मध्यंतरी फार चालली होती. चांगल्या हेतूनेच. पण अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आघात टळतो असं अभ्यासांत दिसलं नाही, काहींना त्रास वाढल्याचंही दिसलं, आणि आता जागतिक आरोग्य संघटना ती करू नका असंच सांगते. त्याऐवजी त्यांची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत आहे, बघा, ऐका, जोडून द्या. समोरच्याला काय हवंय ते बघा, त्याला बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर गप्प बसा, आणि पुढची मदत लागली तर तिच्यापर्यंत पोचवा. मला हे फार पटतं. काहींना चहाचा कप आणि दहा मिनिटं शांतता हवी असते, त्यांच्याकडून भावना काढून घ्यायला जाऊ नये.

बोलायची इच्छा असलेल्यांसाठी मात्र ठरलेली जागा हवी, आणि यात श्वार्ट्झ राऊंडचा मला खरा आधार वाटतो. केनेथ श्वार्ट्झ हे बॉस्टनचे वकील, आरोग्य कायद्याचं काम करायचे, चाळिशीत त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला आणि 1995 मध्ये ते गेले. आजारपणात डॉक्टर नर्सेसनी दाखवलेली माया त्यांना इतकी मोलाची वाटली की ती टिकावी म्हणून त्यांनी जाण्याआधी संस्था सुरू करून ठेवली. 1997 पासून तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये या बैठका सुरू झाल्या आणि मग इतर देशांतही पोचल्या. तासभराची बैठक, कामाच्या वेळात. तीन-चार जण एखाद्या पेशंटबद्दल किंवा प्रसंगाबद्दल थोडक्यात सांगतात, त्यात कुणी सर्जन असेल, कुणी रिसेप्शनवरचं असेल, आणि मग बाकीचे आपल्याला काय आठवलं, काय वाटलं ते बोलतात. उपचार बरोबर होते का ही चर्चा तिथे करायची नाही, प्रश्न सोडवायचा नाही. मोठ्या सर्जनने सगळ्यांसमोर सांगितलं की त्या पोराच्या आईला बातमी द्यायला जाताना माझे पाय उचलत नव्हते, की मागे बसलेल्या इंटर्नच्या खांद्यावरचं केवढं तरी ओझं उतरतं. मी ते होताना बघितलंय. वरच्या माणसाने आधी बोललं पाहिजे, खालच्याची सुरुवात करायची हिंमत होत नाही.

पण तिसऱ्या पायरीची गरज असलेल्यांचं काय, ज्यांना खरोखर औषध किंवा उपचार हवेत? तिथे भीती आडवी येते. फाईलवर येईल का, प्रमोशन अडेल का, रजिस्ट्रेशनला प्रश्न येईल का. डॉ. लोर्ना ब्रीन न्यूयॉर्कमध्ये इमर्जन्सी विभागात डॉक्टर होत्या, कोविडच्या पहिल्या लाटेत एप्रिल 2020 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मदत घेतली तर लायसन्स जाईल ही भीती त्यांच्या मनात होती, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. त्या घरच्यांनी नेट लावला आणि मार्च 2022 मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाने कायदा झाला. लायसन्सच्या आणि नोकरीच्या फॉर्मवरचे, आयुष्यात कधी मानसिक आजारावर उपचार घेतलेत का असले प्रश्न काढून टाकायचं काम आता तिथे राज्याराज्यात चाललंय. ज्या प्रश्नाच्या धाकाने माणूस उपचारच टाळतो त्या प्रश्नाने पेशंट सुरक्षित कसा होईल, उपचार न घेतलेला डॉक्टर जास्त धोक्याचा की घेतलेला? लंडनमध्ये 2008 पासून डॉक्टरांसाठी वेगळी गुप्त सेवा आहे, क्लेअर गेराडा या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरने उभी केलेली. स्वतःच्या हॉस्पिटलात, स्वतःच्याच सहकाऱ्यासमोर पेशंट म्हणून बसायला कुणालाही नको वाटतं, म्हणून बाहेरची सोय लागतेच. आणि तिथे जायला सुट्टी लागली तर रजेच्या अर्जावर कारण लिहायला लावू नका, दातांच्या डॉक्टरकडे जाताना जशी मिळते तशी मिळू दे.

कुणी सहकारी जगणं नको झालंय असं बोलला, अगदी उडत उडत बोलला तरी, तिथेच थांबून सरळ विचारायचं, तुला मरावंसं वाटतंय का? विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो हा गैरसमज आहे. त्याला एकटं सोडायचं नाही, शिफ्टवर परत उभं करायचं नाही, आणि त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत सोबत जायचं. नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही.

नातेवाईकांकडून होणारी शिवीगाळ आणि मारहाण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगते की जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 8 ते 38 टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते, आणि मार खाल्लेल्या माणसाला त्याच शिफ्टला त्याच नातेवाईकांसमोर काम करायला लावणं हा दुसरा मार आहे. त्याला बदली माणूस मिळालाच पाहिजे, आणि तक्रार प्रशासनाने स्वतःच्या नावाने द्यायची, त्या एकट्याला पुढे करायचं नाही.

आणि शेवटी ज्यांचं नाव या विषयात कुणी घेतच नाही ती माणसं. सफाई करणाऱ्या मावशी, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, लॅबवाले, शवागारात काम करणारे. मावशींना पेशंटची घरची सगळी गोष्ट माहीत असते, कारण फरशी पुसताना त्याच पाच मिनिटं त्याच्याशी निवांत बोलतात, आणि तो गेला की बेड पुसायचाही त्यांनीच. वॉर्डबॉय ट्रॉली शवागारापर्यंत नेतो, लहान मूल असेल तर काही जण ट्रॉली न घेता हातांवरच उचलून नेतात. कोविडच्या काळात, जानेवारी 2020 ते मे 2021, जगभरात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण त्या काळातल्या कौतुकाच्या फोटोंत बहुतेक डॉक्टर आणि नर्सेसच दिसल्या. आमच्या एका बैठकीला शवागारातला एक कर्मचारी पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, मला इथे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं की तुला कसं वाटतं. मग तो बोलत राहिला, कुठल्या वयाच्या बॉडीज त्याला घरी गेल्यावरही सुटत नाहीत, जेवताना हात कसा थांबतो, बायकोला काय सांगतो आणि काय सांगत नाही. खोलीत कन्सल्टंट होते, ते ऐकत होते.

या लोकांपैकी बरेच जण कंत्राटी असतात, त्यांची हजेरी दुसरीकडे लागते, बैठकीला बसले तर तेवढ्या वेळाचा पगार कापला जाऊ शकतो. म्हणून कुठल्याही हॉस्पिटलात असं काही सुरू करणार असाल तर आधी कंत्राटदाराकडून लिहून घ्या की ही वेळ ड्युटीत धरली जाईल, बैठक तिन्ही शिफ्टना आलटून पालटून मिळेल अशी ठेवा, नाईटवाल्यांसाठी नाईटलाच ठेवा, आणि त्या तासाभरात त्यांच्या वॉर्डात कोण उभं राहणार त्याचं नाव आदल्या दिवशीच रोस्टरवर लिहा.